विमानातलं हवामान रडार: पडद्यावरचे रंग वाचून धोका टाळायचा कसा

रडारच्या पडद्यावर लाल रंग दिसला की नवखा वैमानिक सावध होतो आणि काळा भाग दिसला की निश्चिंत होतो. सावध होणं योग्यच आहे. पण काळा म्हणजे मोकळं, ही समजूत जीवघेणी ठरू शकते. पुढे मी बटणांबद्दल लिहिणारच आहे, पण सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: रडार धोका दाखवत नाही, पाणी दाखवतं. पाण्यावरून धोक्याचा अंदाज बांधण्याचं काम तुमचं. आणि हे उपकरण वादळ टाळण्यासाठी आहे, वादळातून वाट काढण्यासाठी नाही.

रडारला काय दिसतं

विमानाच्या नाकातलं रडार साधारण 9.3 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे तरंगलांबी 3 सेंटिमीटरच्या आसपास. जमिनीवरची मोठी हवामान रडारं 5 किंवा 10 सेंटिमीटर वापरतात. विमानात इतकी छोटी तरंगलांबी निवडण्याचं कारण जागेचं आहे. नाकात मावेल एवढ्या अँटेनातून बऱ्यापैकी अरुंद झोत हवा असेल, तर तरंगलांबी कमीच ठेवावी लागते. या निवडीची किंमत काय, ते पुढे ‘सावली’च्या भागात येईल.

थेंबावरून परत येणारी ऊर्जा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. 2 मिलिमीटरचा एक थेंब 1 मिलिमीटरच्या 64 थेंबांइतकी ऊर्जा परत पाठवतो. त्यामुळे मोठे थेंब आणि पाण्याने माखलेल्या गारा पडद्यावर उठून दिसतात, तर ढगातले सूक्ष्म थेंब आणि धुकं दिसतच नाही. कोरड्या बर्फावरून तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या तुलनेत जेमतेम एक पंचमांश ऊर्जा परत येते. कोरडी गार, कोरडा हिमवर्षाव आणि उंचावरचे हिमस्फटिक म्हणून फिके दिसतात किंवा मुळीच दिसत नाहीत. स्वच्छ हवेतला टर्ब्युलन्स (विमानाला हादरे देणारी हवेची खळबळ), वीज आणि ज्वालामुखीची राख यांसाठीही या रडारवर विसंबू नका.

रंगांचं गणित साधारण असं: 20 ते 30 डीबीझेड (परत आलेल्या ऊर्जेच्या तीव्रतेचं माप) हिरवा, 30 ते 40 पिवळा, 40 च्या वर लाल. हे माप लॉगरिदमिक आहे. 10 डीबीझेड वाढले की परत येणारी ऊर्जा दहापट होते. पिवळ्याचा लाल व्हायला पडद्यावर एक पायरी लागते, ढगात मात्र तेवढ्यात फार मोठी उलथापालथ झालेली असते. किरमिजी रंग काही रडारांत टर्ब्युलन्ससाठी असतो, काहींत अतितीव्र पावसासाठी. आपल्या विमानाच्या पुस्तिकेत तो कशासाठी आहे, हे उड्डाणाआधीच पाहून ठेवा.

पायरी 1: निघण्याआधी जमिनीवरच्या रडारचं चित्र पाहा

विमानातलं रडार पुढचं दाखवतं. पूर्ण प्रदेशात वादळं कुठे आहेत, रांगेत आहेत की सुटी, कोणत्या दिशेला सरकत आहेत, हे जमिनीवरच्या रडार जाळ्यातून कळतं. एकच चित्र पाहून उठू नका. तासाभराची चित्रमालिका पाहा. वादळ सरकतंय कुठे, फुगतंय की विरतंय, हे एकट्या चित्रातून समजत नाही.

चित्रावरची वेळ पहिल्यांदा वाचा. कॉकपिटमध्ये डेटालिंकवरून येणारी चित्रं अनेक रडारांची माहिती जोडून तयार होतात आणि त्यात वेळ जातो. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांचा तपास करणाऱ्या संस्थेने) 2012 मध्ये याबद्दल खास इशारा दिला: पडद्यावर लिहिलेलं वय चित्र तयार झाल्यापासूनचं असतं, आणि टोकाच्या परिस्थितीत आतली माहिती त्याहून 15 ते 20 मिनिटांनी जुनी असू शकते. जोमात असलेला ढग मिनिटाला काही हजार फूट वाढू शकतो. तेव्हा असं चित्र दूरचा मार्ग ठरवायला घ्या. दोन वादळांमधली फट त्यावर शोधू नका.

दुसरी मर्यादा अंतराची. जमिनीवरच्या रडारचा सर्वांत खालचा झोत अर्ध्या अंशाने वर रोखलेला असला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे 200 किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे 4 किलोमीटर उंचावर असतो. तिथे त्याखाली काय चाललंय, ते त्याला दिसत नाही. शिवाय हिमकण वितळू लागतात त्या पातळीवर ते पाण्याने वेढले जातात आणि परावर्तन एकदम वाढतं. रडारभोवती गुळगुळीत, कड्यासारखा तीव्र पट्टा दिसला तर तो बहुधा हाच. तिथे वादळ असेलच असं नाही.

गोठणपातळीची, म्हणजे तापमान शून्य अंशावर येतं त्या पातळीची, उंची मात्र लिहून घ्या. ती हवेत कामाला येते.

पायरी 2: जमिनीवर चाचणी

टेस्ट मोडमध्ये सगळे रंग उमटतात का, ते पाहा. प्रत्यक्ष प्रक्षेपण मात्र पुढे माणसं, इंधन भरणं किंवा हँगर नाही याची खात्री झाल्यावरच सुरू करा. उड्डाणाच्या दिशेला वादळ असेल तर धावपट्टीवर रांगेत आल्यावर अँटेना टप्प्याटप्प्याने 15 अंशांपर्यंत वर नेऊन निर्गमनाचा मार्ग तपासा आणि मग 4 अंशांच्या आसपास आणून ठेवा. ज्या विमानांत टिल्ट, म्हणजे अँटेना वर-खाली झुकवण्याचा कोन, आपोआप ठरतो, तिथेही हाताने तपासायची पद्धत शिकून ठेवा. स्वयंचलित यंत्रणा काय करते आहे, हे कळण्यासाठी तिचं काम स्वतः करता यायला हवं.

पायरी 3: टिल्ट

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. रडारच्या वापरात होणाऱ्या बहुतेक चुका टिल्टच्या असतात.

रडारचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो. 30 इंची अँटेनाचा झोत सुमारे 3 अंशांचा असतो, छोट्या विमानातल्या 12 इंचीचा सुमारे 8 अंशांचा. एक सूत्र पाठ करा: 1 अंश म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे 100 फूट. 60 मैलांवर 1 अंश म्हणजे 6,000 फूट. त्या अंतरावर 3 अंशांचा झोत 18,000 फूट उंच असतो आणि 8 अंशांचा तब्बल 48,000 फूट. छोट्या अँटेनाने दूरचं वादळ पाहताना पाऊस, जमीन आणि वरची मोकळी हवा असं सगळं एकाच ठिपक्यात मिसळतं. छोट्या विमानाच्या वैमानिकाने 60 मैलांवरच्या चित्रावर फारसा विश्वास ठेवू नये तो यामुळे.

आता समजा तुम्ही 35,000 फुटांवर आहात आणि टिल्ट शून्यावर आहे. झोत सरळ पुढे जातो आहे आणि वादळाच्या वरच्या, गोठलेल्या भागाला लागतो आहे. तिथे कोरडा बर्फ. पडद्यावर थोडासा हिरवा, कदाचित काहीच नाही. त्याच ढगात 15,000 ते 20,000 फुटांवर, गोठणपातळीच्या आसपास, लालभडक गाभा असेल, पण तुमचा झोत त्याच्या बराच वरून गेला. पडदा काळा दिसतो तो अशा वेळी.

म्हणून झोत खाली आणा. पडद्याच्या अगदी बाहेरच्या कडेला जमिनीचा पातळ, विस्कटलेला पट्टा उमटू लागेल इतका. असं केलं की झोत वादळाच्या ओल्या, बोलक्या भागातून जातो, आणि कडेचं जमिनीचं परावर्तन अँटेना ठीक चालल्याची खूणही देतं. रेंज बदलली की टिल्ट बदला. उंची बदलली की टिल्ट बदला. वर चढताना हळूहळू खाली, खाली उतरताना हळूहळू वर. समुद्रावर ही युक्ती नीट लागू पडत नाही, कारण शांत पाण्यावरून फारसं काही परत येत नाही. तिथे वरच्या सूत्राने हिशेब करा: 35,000 फुटांवरून 80 मैलांवरच्या वादळात 15,000 फुटांची पातळी पाहायची तर 20,000 फूट खाली बघायचं आहे. 80 मैलांवर 1 अंश म्हणजे 8,000 फूट, तेव्हा टिल्ट अडीच अंश खाली.

वादळ सापडल्यावर त्याची उंची मोजा. टिल्ट हळूहळू वर न्या आणि प्रतिध्वनी, म्हणजे परत येणारा संकेत, नाहीसा होतो तो अंश वाचा. त्या क्षणी झोताची खालची कड ढगाच्या माथ्याशी असते. म्हणून झोताची अर्धी रुंदी वजा करायची. तुम्ही 30,000 फुटांवर आहात, वादळ 40 मैलांवर आहे, झोत 3 अंशांचा आहे आणि प्रतिध्वनी अधिक 3 अंशांवर गेला. खालची कड अधिक दीड अंशावर, 40 मैलांवर 1 अंश म्हणजे 4,000 फूट, म्हणजे माथा तुमच्या 6,000 फूट वर, सुमारे 36,000 फुटांवर. हा रडारला दिसलेला माथा झाला. त्याच्यावर कोरड्या बर्फाचा न दिसलेला भाग असतो आणि टर्ब्युलन्स त्या भागातही असतो.

पायरी 4: गेन

गेन, म्हणजे रडारची संवेदनशीलता, ऑटो किंवा कॅलिब्रेटेड स्थितीत ठेवा. रंगांचे अर्थ त्याच स्थितीत खरे असतात. मोठ्या लाल पट्ट्यात सर्वांत तीव्र गाभा कुठे आहे ते शोधायला क्षणभर गेन कमी करता येतो: सगळ्यात शेवटी लाल राहतो तो भाग सर्वांत जोरदार. उंचावर फिके प्रतिध्वनी शोधायचे असतील तेव्हा उलट, गेन वाढवायचा. काम झालं की लगेच परत आणा. कमी केलेला गेन तसाच राहिला तर पुढचं वादळ तुम्हाला हिरवं दिसेल.

पायरी 5: आकार वाचा

रंगापेक्षा रंग किती लवकर बदलतो, ते जास्त सांगून जातं. हिरव्यापासून लालपर्यंतचं अंतर अगदी थोडं असेल तर तिथे हवा एका जागी जोरात वर आणि शेजारी जोरात खाली चालली आहे. पसरट हिरवा-पिवळा पट्टा हा बहुधा सौम्य थरांच्या ढगांचा पाऊस असतो. तोही ओलाच करेल, पण मोडतोड करणार नाही.

कडेला बोटांसारखे बाहेर आलेले फाटे, आकड्यासारखं वळलेलं शेपूट, यू आकाराची खाच, झालरीसारखी नक्षीदार कड, काही मिनिटांत झपाट्याने बदलणारा आकार: यांतलं काहीही दिसलं तर गारपीट आणि तीव्र टर्ब्युलन्स आहे असं धरून चाला. रंग केवळ पिवळा असला तरीही. गारा ढगाबाहेरही फेकल्या जातात, विशेषतः वाऱ्याच्या दिशेला पसरलेल्या ऐरणीसारख्या माथ्याखाली.

सागरावरच्या आणि भूमीवरच्या वादळांत एक फरक ध्यानात ठेवा. सारख्याच उंचीच्या ढगांत सागरावरच्या ढगाचा वरचा भाग रडारला सहसा फिका दिसतो. विषुववृत्ताजवळ समुद्रावरून उडताना पिवळ्या रंगालाही लालइतकाच मान द्या.

पायरी 6: सावली ओळखा

3 सेंटिमीटरच्या लहरी मुसळधार पावसातून जाताना फार लवकर क्षीण होतात. पुढच्या पावसानेच ऊर्जा खाल्ली, तर त्याच्या मागे काय आहे हे दाखवायला काही उरत नाही. पडद्यावर लाल पट्टा दिसतो, त्याच्या मागची कड अचानक, सुरीने कापल्यासारखी संपते आणि पुढे काळं. नवख्याला वाटतं, वादळ पातळ आहे, पलीकडे स्वच्छ आहे. बऱ्याचदा सर्वांत वाईट भाग त्याच काळ्या पट्ट्यात असतो.

4 एप्रिल 1977 रोजी सदर्न एअरवेजचं 242 क्रमांकाचं उड्डाण, एक डीसी-9, हंट्सव्हिलहून अटलांटाकडे जाताना तीव्र वादळात शिरलं. पाऊस आणि गारा इंजिनांत गेल्या, दोन्ही इंजिनं बंद पडली आणि विमान जॉर्जिया राज्यातल्या न्यू होप इथे रस्त्यावर उतरवताना कोसळलं. 70 हून अधिक माणसं गेली. वादळी क्षेत्र पार करण्यासाठी कप्तानाने विमानातल्या रडारवर ठेवलेली भिस्त, हे तपास अहवालात अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत नोंदवलेलं आहे. कंपनीकडून ताजी हवामान माहिती न मिळणं आणि नियंत्रण यंत्रणेच्या मर्यादाही त्यात आहेत. दोष एकट्या माणसाचा नव्हता. पण प्रत्येक प्रशिक्षणार्थीने हे प्रकरण वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण मोकळी जागा पडद्यावर शोधण्याचा मोह आजही तोच आहे.

सावली तपासायचा उपाय सोपा आहे. टिल्ट खाली न्या आणि वादळाच्या मागे जमीन उमटते का, ते पाहा. उमटली तर लहरी पलीकडे पोहोचताहेत. आजूबाजूला जमीन दिसते आणि नेमकी त्या पट्ट्याच्या मागे काळी पोकळी राहते, तर ती सावली आहे. काही रडारं ऊर्जा क्षीण झालेल्या दिशेला पडद्याच्या कडेवर पिवळी कमान दाखवतात. सावलीकडे तोंड करून कधीही जाऊ नका. आणि नाकावरच्या आवरणावर पाण्याचा थर किंवा बर्फ साचला की सगळंच चित्र फिकं होतं. म्हणजे पावसात शिरल्यावर रडार पाहून वाट ठरवायला उशीर झालेला असतो.

उंचावरचे हिमस्फटिक

मोठ्या वादळांच्या वरच्या भागात लहान हिमस्फटिकांची दाटी असते आणि ती रडारला जवळजवळ दिसत नाही. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 उड्डाण 1 जून 2009 रोजी अटलांटिकवर कोसळलं. त्या घटनाक्रमाची सुरुवात पिटो नळ्या (विमानाचा वेग मोजणाऱ्या नळ्या) हिमस्फटिकांनी तुंबून वेगाची नोंद बिघडण्याने झाली. पुढे जे घडलं त्यात बरंच काही आहे, पण रडारच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. उंचावर फिका प्रतिध्वनी दिसला तर टिल्ट खाली नेऊन त्याच्या खाली तीव्र गाभा आहे का, ते पाहा. असेल तर वरचा फिका भागही त्याच वादळाचा आहे आणि त्याच्यावरून किंवा त्याच्यातून जायचं नाही.

पायरी 7: वळायचं केव्हा आणि किती

एका वैमानिकाने लांबची रेंज ठेवावी, दुसऱ्याने जवळची. फक्त जवळचं पाहत गेलात तर एका वादळाला वळसा घालून पुढच्या दोन वादळांच्या कोंडीत शिराल, आणि तिथून बाहेर यायला जागा नसेल. 80 मैलांवर विचार पूर्ण व्हावा, 40 मैलांवर विमान वळलेलं असावं. लवकर घेतलेलं 10 अंशांचं वळण प्रवाशांना जाणवतही नाही.

तीव्र वादळापासून किमान 20 सागरी मैल दूर राहा. दोन तीव्र वादळांमधून जायचं असेल तर त्यांच्यात किमान 40 मैल हवेत, दोघांपासूनचे 20-20. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या मार्गदर्शनात आणखी दोन आकडे आहेत, ते लक्षात ठेवा. वरून जायचं असेल तर माथ्यावरच्या वाऱ्याच्या दर 10 नॉटला 1,000 फूट अंतर: वारा 50 नॉट असेल तर 5,000 फूट. आणि क्षेत्राचा सहा दशांश भाग वादळांनी व्यापलेला असेल तर संपूर्ण क्षेत्रालाच वळसा. ज्याचा माथा 35,000 फुटांच्या वर आहे ते वादळ अत्यंत धोक्याचं समजा.

शक्यतो वारा येतो त्या बाजूने वळा. दुसऱ्या बाजूला ऐरण पसरलेली असते आणि वादळही तिकडेच सरकत असतं. खालून जाऊ नका.

नियंत्रकाला लवकर सांगा, आणि नेमकं सांगा: कोणती दिशा, किती अंश किंवा मैल, आणि मार्गावर परत कधी येता येईल. परवानगीला वेळ लागत असेल आणि परिस्थिती निकडीची असेल तर ‘वेदर डेव्हिएशन रिक्वायर्ड’ हे शब्द वापरा. हे आंतरराष्ट्रीय प्रमाणित शब्द आहेत आणि त्यांना फ्रीक्वेन्सीवर अग्रक्रम मिळतो. संकोच करू नका. तुमच्या पडद्यावरचं वादळ नियंत्रकाच्या पडद्यावर असेलच असं नाही.

पायरी 8: टर्ब्युलन्स आणि विंडशिअर

डॉप्लर रडार थेंबांची सरकण्याची गती मोजतं. शेजारशेजारच्या थेंबांच्या गतीत मोठा फरक असला की पडद्यावर किरमिजी रंग येतो. हे साधारण 40 मैलांच्या आतच चालतं आणि तिथे थेंब असावे लागतात. किरमिजी नाही म्हणजे हवा शांत आहे, असा अर्थ काढू नका.

उतरतानाचा मोठा शत्रू मायक्रोबर्स्ट. ढगातून खाली कोसळणारा हवेचा लोट जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. रुंदी 4 किलोमीटरपर्यंत, आयुष्य काही मिनिटांचं. विमानाला आधी समोरचा वारा मिळतो, वेग वाढतो, वैमानिक शक्ती कमी करतो, आणि लगेच खालचा लोट आणि मागचा वारा येतो. 1975 मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या 66 क्रमांकाच्या उड्डाणाच्या अपघाताचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी अशा कोसळत्या झोतांची मांडणी केली. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलस-फोर्ट वर्थला डेल्टाचं 191 उड्डाण मायक्रोबर्स्टमध्ये सापडलं आणि 137 माणसं गेली. त्यानंतर विमानतळांवरची खास डॉप्लर रडारं आणि 1990 च्या दशकात विमानातली विंडशिअरची (वाऱ्याच्या वेगात किंवा दिशेत अचानक होणाऱ्या बदलाची) आगाऊ सूचना देणारी रडारं आली.

ही यंत्रणा जमिनीजवळ आपोआप चालू होते आणि पुढचे काही मैल तपासते. तिचा इशारा आला की चर्चा करायची नाही. धावपट्टीवर वेग घेताना इशारा आला तर, आणि अंतिम टप्प्यात आला तर, काय करायचं हे कंपनीच्या पुस्तिकेतून आधीच तोंडपाठ असावं. एक अडचण मात्र राहतेच: कोरड्या हवेत पाऊस जमिनीवर येण्याआधीच वाळतो, त्या वाळण्यातून हवा थंड आणि जड होऊन कोसळते, आणि रडारवर फक्त हलका हिरवा रंग दिसतो. ढगाखाली लोंबणाऱ्या, जमिनीपर्यंत न पोहोचणाऱ्या पावसाच्या झालरी डोळ्यांनी शोधा. खाली धुळीचं वर्तुळ उठलेलं दिसलं तर थांबा किंवा घिरटी घ्या.

सराव

दिवसाढवळ्या, हवा शांत असताना शिका. दूरवर एखादा वाढता ढग दिसला की आधी डोळ्यांनी त्याचा माथा तुमच्या वर आहे की खाली, याचा अंदाज करा. मग टिल्टने मोजा आणि दोन्ही ताडून पाहा. झोत गाभ्यात, मध्यावर आणि माथ्यावर नेऊन तोच ढग तीन उंचींवर कसा वेगळा दिसतो ते पाहा, आणि शेजारून जाताना खिडकीतून त्याची कड न्याहाळा. रडारवर कड जिथे संपली त्याच्या किती बाहेर ढग पसरलेला होता, त्याची प्रत्येक वेळी नोंद करा. टर्ब्युलन्स लागला तर नियंत्रकाला उंची, जागा आणि तीव्रता कळवा. मागून येणाऱ्या विमानाच्या रडारवर तिथे कदाचित काहीच दिसत नसेल.